हापशाचे आयुष्य

एखाद्या खेड्यात पाण्याची सोय झाली, असे कोणत्या दिवसापासून म्हणावे? सरकारी दप्तराचे उत्तर सोपे आहे. ज्या दिवशी विंधन विहीर खोदून पुरी झाली, तिच्यावर हातपंप बसला आणि दांडा खाली-वर करताच तोटीतून पाणी आले, त्या दिवशी ते गाव टंचाईच्या यादीतून वगळले जाते. त्याच गावातील स्त्रीचे उत्तर मात्र निराळे असते. आज सकाळी पाणी आले, उद्या येईल आणि पुढच्या वैशाखातही येईल, याला ती सोय म्हणते. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, तोच या व्याख्यानाचा विषय आहे.

पंप बसवणे ही एका दिवसाची घटना असते. तो चालू ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. पहिल्या गोष्टीसाठी अंदाजपत्रक असते, समारंभ असतो, नारळ फोडला जातो. दुसऱ्या गोष्टीसाठी लागतात एक पान्हा, थोडे ग्रीस, एक वॉशर आणि हाक मारताच येणारा एक मनुष्य. या चार साध्या वस्तूंच्या अभावी हजारो रुपयांची यंत्रे गावोगाव निकामी होऊन पडलेली भारताने पाहिली आहेत.

हापसा बंद पडला तर काय बिघडते, असा प्रश्न शहरातील मनुष्य विचारू शकेल. त्याचे उत्तर राजस्थानातील पायऱ्यांच्या विहिरींनी दिले आहे. त्या विहिरींत उतरून लोक पाणी भरत. नारूचा रोगी आपला ठणकणारा पाय त्याच पाण्यात बुडवी, आणि त्या क्षणी त्याच्या जखमेतील कृमी असंख्य अळ्या पाण्यात सोडी. डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जलपिसू त्या अळ्या गिळत. असे पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात पुढे वर्षभर तो कृमी वाढे आणि बहुधा पायातूनच बाहेर पडू लागे. महाराष्ट्रातील खेड्यांनाही या रोगाची ओळख होती. नारूवर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांचे रूप बदलणे, पाण्यात औषध टाकणे आणि हातपंप बसवणे, एवढेच उपाय होते. देशव्यापी मोहीम १९८३ च्या सुमारास सुरू झाली, शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशात हातपंपाचा वाटा मोठा आहे. परंतु तो चालू हातपंपाचा वाटा आहे. पंप आठ दिवस बंद राहिला की गावकरी निमूटपणे पुन्हा जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरू लागत. तहान दुरुस्तीची वाट पाहत नाही.

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. १९६६ आणि १९६७ मध्ये बिहारवर आणि देशाच्या इतर भागांवर दुष्काळाचे मोठे संकट आले. त्यानंतर युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडकात जलद छिद्र पाडणारी वायुचालित यंत्रे देशात आली. ज्या काळ्या पाषाणात विहीर खणण्यास एक-दोन उन्हाळे लागत, तेथे एक-दोन दिवसांत विंधन विहीर तयार होऊ लागली. विहिरी वाढल्या, पण त्यांवर बसवलेले पंप मात्र जुन्या वळणाचे होते. युरोप-अमेरिकेतील शेतघरांत एका कुटुंबासाठी जे बिडाचे पंप वापरले जात, त्यांच्या त्या प्रतिकृती होत्या. १९७४ मध्ये युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद असल्याचे आढळले. पाणी जमिनीत होते, छिद्र तयार होते, वर यंत्रही उभे होते. तरीही घागर रिकामी होती.

हे पंप इतके लवकर का मोडले, हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या योजनांत दीर्घकाळ असा दंडक होता की, एका हातपंपावर २५० माणसे असावीत आणि दर माणशी दररोज ४० लिटर पाणी मिळावे. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर पाणी झाले. पुढे प्रचारात आलेल्या प्रमाणित पंपाच्या सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्यात फार तर ४०० घनसेंटिमीटर पाणी वर येते. या हिशेबाने दांडा दिवसातून २५,००० वेळा आणि वर्षातून नव्वद लाखांहून अधिक वेळा खाली-वर व्हावा लागतो. मिनिटाला ४० फेरे धरले तरी पंप रोज दहा तासांहून अधिक चालला पाहिजे. शेतघरातील एका कुटुंबाची पाच-दहा बादल्या पाण्याची गरज भागवणाऱ्या यंत्रावर हा भार घातल्यावर ते टिकले नाही, यात नवल नाही. पंप मोडला तेव्हा लोकांच्या आडमुठेपणाला आणि मुलांच्या खोड्यांना दोष देण्यात आला. खरा दोष यंत्राच्या निवडीत होता.

या अडचणीवरील उत्तराचा आरंभ महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटेल. दुष्काळी भागात विंधन विहिरी खोदणाऱ्या ख्रिस्ती मिशनांच्या कार्यशाळांमध्ये मोडके पंप पुन्हापुन्हा दुरुस्तीला येत. त्या अनुभवातून प्रथम ‘जालना पंप’ आणि नंतर ‘सोलापूर पंप’ तयार झाला. बिडाच्या जागी पोलादाचे जोडकाम आले. अनेक सांध्यांच्या जागी एकच बिजागरी आणि तिच्यात बंदिस्त बेअरिंग आले. दांड्याच्या टोकाला साखळी जोडल्यामुळे आतील सळई तिरकी न ओढली जाता सरळ वर उचलली जाऊ लागली. या पंपाचा पाया धरून १९७० च्या दशकाच्या मध्यास भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रडास हा सरकारी कारखाना यांच्या सहकार्याने नवा नमुना तयार झाला. तमिळनाडूत कोइमतूर भागातील खोल विहिरींवर त्याची कसोटी घेण्यात आली. हाच ‘इंडिया मार्क दोन’ होय. १९७९ मध्ये त्याला भारतीय मानक मिळाले, त्यामुळे कोणत्याही कारखान्यातील सुटा भाग कोणत्याही गावातील पंपाला बसू लागला. निगा राखण्याच्या दृष्टीने ही गोष्ट पोलादाच्या मजबुतीइतकीच मोलाची होती. पुढे हा पंप आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला.

तथापि, मजबूत यंत्र म्हणजे अमर यंत्र नव्हे. हातपंपाचे जे अंग जमिनीवर दिसते ते थोडे, आणि जे दिसत नाही ते फार. वरच्या पेटीतून बारीक सळयांची एक माळ खाली जाते. ती ज्या नळातून जाते तो नळ पाणी वर आणतो. नळाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, पितळी अस्तराचे सिलिंडर असते. त्यात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला एक झडप असते आणि सिलिंडरच्या बुडाशी दुसरी. दट्ट्या वर जातो तेव्हा बुडाची झडप उघडून पाणी आत येते. दट्ट्या खाली येतो तेव्हा ती झडप मिटते, दट्ट्याची झडप उघडते आणि पाणी त्याच्या वर चढते. दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट पेल्याच्या आकाराच्या वॉशरांनी बुजवलेली असते. खेड्यात ज्याला ‘वायसर’ म्हणतात, त्या या लहानशा चकतीवर साऱ्या यंत्राचा जीव अवलंबून आहे. पूर्वी ती कातड्याची असे. कातडे पाण्यात फुगते, वाळले की आकसते आणि त्याची प्रत सारखी नसते. कोइमतूर भागात १९८३ ते १९८८ या काळात झालेल्या दीर्घ चाचण्यांत कातड्याऐवजी नायट्राइल रबराचे वॉशर अधिक टिकतात, हे दिसून आले. त्यानंतर त्यांचा वापर सर्वत्र रूढ झाला.

चांगला वैद्य नाडीवरून रोग ओळखतो, तसा चांगला मिस्त्री पंप न उघडता त्याचे दुखणे सांगतो. दांडा बराच वेळ हापसल्यावर पाणी येऊ लागते आणि मग नीट येते, असे झाले तर बुडाची झडप गळत आहे किंवा नळाच्या एखाद्या सांध्यातून पाणी निसटत आहे, असे समजावे. कारण पंप थांबताच नळातील पाण्याचा स्तंभ खाली उतरतो. पाणी लगेच येते पण धार बारीक आहे, अशा वेळी बहुधा वॉशर झिजलेले असतात. दांडा एकाएकी हलका झाला आणि पाणी मुळीच येईना, तर आतील सळई सुटली किंवा तुटली आहे. दांडा आडवा डगमगत असेल तर बिजागरीचे बेअरिंग झिजले आहे किंवा तिचे नट सैल झाले आहेत. कर्कश आवाज येत असेल तर साखळी कोरडी पडली आहे अथवा सळई नळाला घासत आहे. आणि उन्हाळ्यात सर्व भाग ठीक असूनही पंप गचके देत हवा ओढू लागला, तर विहिरीतील पाणी सिलिंडरच्या खाली गेले आहे. तेथे यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. ही लक्षणे रोज पाणी भरणाऱ्या स्त्रियांना सर्वांत आधी कळतात. त्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले जाते की नाही, यावर पुढील खर्च अवलंबून असतो. सैल नट वेळीच आवळला नाही तर आटे झिजतात, आटे झिजले की बिजागरी हलते, आणि बिजागरी हलली की पेटीच बदलावी लागते.

यंत्राचा दुसरा शत्रू घाण हा आहे, आणि ती दोन वाटांनी येते. पहिली वाट खालून. विहीर खोदल्यावर दाबाच्या हवेने ती स्वच्छ धुऊन काढली नाही, किंवा वरच्या मुरुमातून जाणारा संरक्षक नळ पक्क्या खडकात नीट बसवला नाही, तर वाळू आणि गाळ सिलिंडरमध्ये शिरतात. वाळूचा कण वॉशरमध्ये रुतला की पितळी अस्तरावर प्रत्येक फेऱ्यागणिक ओरखडा उमटतो. मग नवा वॉशर घातला तरी गळती थांबत नाही. अशा विहिरीवर वारंवार वॉशर बदलत बसण्यापेक्षा एकदा विहीर साफ करणे स्वस्त पडते.

दुसरी वाट वरून. पंपाभोवतीचा काँक्रीटचा ओटा ही शोभेची वस्तू नाही. सांडलेले पाणी, धुण्याचा साबण, गुरांच्या खुरांचा चिखल हे सारे विहिरीपासून दूर ठेवण्यासाठी तो असतो. ओट्याला तडा गेला की तेच पाणी नळाच्या कडेने खाली झिरपते आणि भूगर्भातील निर्मळ पाण्यात मिसळते. म्हणून ओट्याला कठडा हवा, उतार हवा आणि सांडपाणी दूर नेणारी मोरी हवी. मोरीच्या शेवटी चार केळी, अळू किंवा भाजीचा वाफा असेल तर डबके साचत नाही आणि डासही होत नाहीत. शौचालयाचा खड्डा व उकिरडा पंपापासून लांब असावा, हे सांगावयास नकोच. तरीही दाटीच्या वस्तीत हाच नियम प्रथम मोडला जातो.

नळाला आतून लागणारा रोग म्हणजे गंज. लोखंडी नळावरील जस्ताचा मुलामा सर्वच पाण्यात टिकत नाही. पाणी आम्लधर्मी असेल, म्हणजे त्याचा सामू ६.५ च्या खाली असेल, तर मुलामा लवकर विरघळतो आणि मग लोखंड उघडे पडते. पाणी तांबूस होते, त्याला लोखंडाची चव येते, भात काळपटतो, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात. लोक असे पाणी टाकून देतात आणि पुन्हा उघड्या विहिरीकडे वळतात. येथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. रात्रभर बंद असलेल्या पंपातून पहाटे निघालेले पहिले पाणी एका भांड्यात घ्यावे आणि बराच वेळ हापसल्यानंतरचे दुसऱ्या भांड्यात. पहिले लाल आणि दुसरे बरेच स्वच्छ असेल, तर लोह नळाच्या गंजातून येत आहे. दोन्ही सारखीच लाल होत असतील, तर ते जमिनीतूनच येत आहे. पहिल्या बाबतीत नळ बदलून गंजरोधक पोलादाचे किंवा प्लॅस्टिकचे घालावे लागतात. दुसऱ्या बाबतीत लोह काढणारी गाळणी जोडावी लागते. परीक्षा न करता खर्च केला तर नवा नळही काही वर्षांत तसाच होतो. काही विहिरींत लोहावर जगणारे जीवाणू वाढतात. त्यांचा बुळबुळीत तांबडा थर झडपा आणि नळाची भिंत व्यापतो. तो खरवडून काढून विहिरीत क्लोरीनची मात्रा द्यावी लागते.

दुरुस्तीचा दिवसही धोक्याचा असतो. नळ आणि सळया उपसून मातीत टाकल्या, शेणाच्या हातांनी पुन्हा जोडल्या, तर मिस्त्री गेल्यावर गावात जुलाब सुरू होतात आणि दोष पाण्यावर जातो. म्हणून काढलेले भाग स्वच्छ फळ्यांवर ठेवावेत, आटे ब्रशने साफ करावेत, झडपा धुऊन घ्याव्यात. पंप पुन्हा बसवण्यापूर्वी विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, निवळलेले द्रावण विहिरीत ओतावे, काही तास तसेच राहू द्यावे आणि मग वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. उघड्या पोत्यात दमट हवेत पडलेल्या चूर्णातील क्लोरीन उडून जातो; दिसायला ते पांढरेच राहते, काम मात्र करीत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. वॉशर स्वस्त आहे, पण तो कोठे आहे? पंप ३० मीटर खोल असेल तर मार्क दोनमध्ये वॉशर बदलण्यासाठी सर्व नळ, सर्व सळया आणि आतील पाण्याचा स्तंभ वर उचलावा लागतो. हे वजन दीडशे किलोच्या आसपास भरते. त्यासाठी चिमटे, शिकंजे, विशेष पान्हे आणि चार-पाच माणसे लागतात. म्हणजे हाताच्या तळव्यात मावणारी वस्तू बदलण्यासाठी तालुक्याहून गाडी यावी लागते. कोइमतूरच्या चाचण्यांतून यावर ‘मार्क तीन’चे उत्तर निघाले. त्यात पाणी आणणारा नळ ३२ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटरचा केला, त्यामुळे दट्ट्या आणि झडप नळ न काढताच आतून वर ओढता येतात. गावातील दोन-तीन माणसे थोड्या साधनांनी हे काम करू शकतात. परंतु रुंद नळ महाग आणि जड असल्यामुळे मार्क दोनची जागा त्याने सर्वत्र घेतली नाही. पहिला खर्च सर्वांना दिसतो. पुढची वीस वर्षे वाचणारा खर्च कोणाच्याच खात्यावर दिसत नाही.

यंत्राइतकाच माणसांच्या रचनेचाही प्रश्न होता. तमिळनाडूत १९७० च्या दशकात तीन पायऱ्यांची पद्धत घालण्यात आली. गावात एक विनावेतन राखणदार, जो नट आवळील, ग्रीस लावील आणि बिघाड होताच कार्ड टाकून कळवील. विकास गटात एक यांत्रिक. आणि जिल्ह्यात साधनांनी सज्ज अशी फिरती गाडी. कागदावर ती निर्दोष होती, आणि जेथे कार्डाला उत्तर मिळत असे तेथे ती चाललीही. जेथे कार्ड जाई आणि गाडी येत नसे, तेथे राखणदाराचा उत्साह दोन-तीन महिन्यांत मावळे.

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक कार्य व संशोधन केंद्राने वेगळा विचार मांडला. तीन पायऱ्यांच्या जागी एकच पायरी ठेवावी. सायकल दुरुस्त करणारा किंवा थोडीफार हत्यारे हाताळलेला गावचाच तरुण घ्यावा, त्याला शिकवावे, त्याच्याकडे तीस-चाळीस पंप सोपवावेत आणि पंपामागे त्याला मोबदला द्यावा. असा हा ‘हँडपंप मिस्त्री’ पुढे राजस्थान सरकारनेही स्वीकारला. अशिक्षित खेडूत भूगर्भातील यंत्र कसा दुरुस्त करील, अशी शंका अभियंत्यांनी घेतली होती. तिचे उत्तर वादाने मिळाले नाही. ते मिस्त्रींच्या हातांनी दिले. १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशातील तेव्हाच्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून स्त्रियांना हे काम शिकवण्यात आले. त्यांपैकी पुष्कळ जणी कोल आदिवासी व दलित समाजातील होत्या आणि अनेकींना अक्षरओळख नव्हती. ज्या विहिरीला त्यांनी शिवू नये असे म्हटले जाई, त्याच गावातील पंप दुरुस्त करण्यासाठी त्यांना बोलावणे येऊ लागले. पाणी बंद पडल्याचा त्रास ज्यांना सर्वाधिक होतो, त्यांच्याच हाती पान्हा आला, तेव्हा दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचे कारण उरले नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन अभियानानंतर हापशाची जागा अनेक गावांत घरातील नळाने घेतली आहे. डोक्यावरचे ओझे उतरले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु नळ आला म्हणून निगेचा प्रश्न संपला असे मानणे चुकीचे ठरेल. तो लांबच लांब जलवाहिनीवर पसरला आहे. पाणी दिवसातून तासभरच सोडले जाते, तेव्हा उरलेल्या वेळी वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि जेथे सांधा गळतो तेथून बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर ज्या भोकातून ते बाहेर जाते, पाणी बंद झाल्यावर त्याच भोकातून घाण आत येते. म्हणून गळती केवळ पाण्याचा अपव्यय नसून आरोग्याचा प्रश्न आहे. वाहिनीची बंद टोके ठराविक काळाने उघडून गाळ वाहू द्यावा लागतो, टाकी धुवावी लागते, झडपा वेळोवेळी फिरवाव्या लागतात, आणि शेवटच्या घरच्या तोटीला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे की नाही, हे पाहावे लागते. या कामांसाठीही पुन्हा त्याच गोष्टी लागतात: जवळ मिळणारा सुटा भाग, स्वच्छ हात आणि जबाबदारी असलेला, मोबदला मिळणारा मनुष्य.

तेव्हा एखाद्या गावाच्या पाण्याची स्थिती जाणून घ्यावयाची असेल, तर तेथे किती पंप किंवा किती नळ आहेत, एवढेच विचारून भागणार नाही. गेल्या वर्षी पाणी किती दिवस बंद होते, ते बंद पडल्यावर कोणाला हाक मारली आणि तो किती दिवसांनी आला, हे विचारावे. आणि हे प्रश्न दप्तराला न विचारता, हापशाच्या ओट्यावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारावेत. तिला हा हिशेब तोंडपाठ असतो.